होळीचा पुरावा

कॅलिफोर्नियातल्या त्या टेकडीवर श्रीरंगने घर घेतलं ते निव्वळ व्ह्यूसाठी. समोर दरी, मागे उतारावर ओकची झाडं. आता मुलगी आन्या दूर दुसऱ्या राज्यात, बॉथेलला होती, तिला नुकतंच बाळ झालं होतं, आणि त्याच्या बायकोचा, दीपाचा, सगळा जीव त्या नातीत अडकला होता. घर विकलं की दोघांनी तिकडेच राहायला जायचं, असं ठरलं होतं. गिऱ्हाईकही चालून आलं होतं. राज नावाचा तरुण इंजिनिअर, श्रीरंगला काका म्हणणारा.

तेवढ्यात वणव्याच्या धोक्याचे राज्य सरकारचे नवे नकाशे आले. जुन्या नकाशात या घराला रंगच नव्हता, नव्यात ते केशरी निघालं. केशरीच्या वर फक्त लाल. राज जरा बिचकला, पण हटला नाही.

"काका, इन्शुरन्स थोडा महाग पडेल. प्राइस ॲडजस्ट केली तर मी रेडी आहे."

"देऊन टाक," दीपा म्हणाली. "केशरी तर केशरी. शुभ रंग आहे."

पण श्रीरंगला ते झोंबलं. आयुष्यभर डेटावर नोकरी केलेला माणूस, आणि कुणीतरी ऑफिसात बसून त्याच्या घराला रंग फासतो म्हणजे काय? गावाने नकाशावर हरकती ऐकायला सभा बोलावली होती. तिथे सोक्षमोक्ष लावायचं त्याने ठरवलं आणि दोन वीकेंड खपून स्लाइड्स तयार केल्या.

मराठी मंडळाची होळी दरवर्षी श्रीरंगच्याच मागच्या अंगणात पेटायची. हा मान त्याने कधी दुसऱ्याला मिळू दिला नव्हता. सभेत त्याने त्या होळीचेच फोटो लावले. माणसापेक्षा उंच ज्वाळा, भोवती नैवेद्याची ताटं, आणि तोंडावर हात नेऊन बोंब ठोकणारे मंडळाचे सगळे सन्माननीय सभासद.

"इतकी वर्षं इथे एवढी मोठी आग पेटते आहे," श्रीरंग ठणकावून म्हणाला, "पण गवताची काडीसुद्धा जळालेली नाही. याहून चांगला डेटा कुणाकडे असेल तर दाखवा."

अग्निशमन खात्याच्या बाई पुढे झुकून फोटो पाहत होत्या.

"ही माणसं मदतीसाठी ओरडताहेत का?"

"नाही, तो आमचा रिवाज आहे."

"आणि लाकडं कुठून आणता?"

"मागच्या उतारावरची. इतकी वाळलेली असतात की एका काडीत पेटतात," श्रीरंग कौतुकाने म्हणाला. स्वतःच्या उताराची बदनामी इतक्या अभिमानाने करणारा माणूस त्या सभागृहाने पूर्वी पाहिला नसावा.

बाईंनी लिहून घेतलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "होळी मार्चमध्ये असते ना? तेव्हा डोंगर हिरवा असतो. वणवे लागतात ते इथला हिवाळ्यातला पाऊस संपून महिने उलटल्यावर. आणखी एक, राज्याने ठरवलेली धोक्याची पायरी गावाला वाढवता येते, कमी करता येत नाही. नकाशासोबतच्या माहितीत हे पहिल्याच पानावर आहे."

ते पान श्रीरंगने वाचलं नव्हतं. तो थेट स्लाइड्सना लागला होता.

पुढच्या आठवड्यात खात्याची माणसं उतार बघून गेली. महिन्याभरात गावाने नकाशा पक्का केला आणि श्रीरंगची अख्खी गल्ली लाल झाली. दरवर्षी होळीला हक्काने पुरणपोळी खाणारी शेजारीण कांचन आता गाडीतूनच हात हलवायची, तोही काच न उघडता. राजचा फोन आला. "काका, सॉरी यार. वाइफ नको म्हणतेय." विमा कंपनीने कसाबसा विमा चालू ठेवला, दोन अटींवर. उतार साफ हवा आणि घर रिकामं राहता कामा नये.

श्रीरंगला वाटलं, दीपा आता तोंडसुख घेणार. त्याने मनाची तयारीही केली होती. ती उलट दोन दिवस हसतमुख होती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. तिसऱ्या दिवशी दारात तिच्या बॅगा दिसल्या.

"आपण दोघं जाणार होतो," तो म्हणाला.

"घर विकल्यावर," दीपा म्हणाली. "आता कुणीतरी इथे राहायला हवं ना. तुझ्याइतकी या घराची बाजू कोण घेणार?"

एअरपोर्टवरून परतल्यावर श्रीरंगने फोनवर नातीचा फोटो पाहिला. दीपाच्या मांडीवर ती कशी दिसेल, हे मनाशी चितारून पाहिलं. मग त्याने फोन खिशात ठेवला, विळा घेतला आणि उतारावरचं गवत कापायला गेला.