संगीत बंद पडल्यावरचे गुण

अकरा वर्षांत माझ्या धाकट्या बहिणीने फिगर स्केटिंगच्या स्पर्धांसाठी बावीस कार्यक्रम बसवले. त्या बावीसही कार्यक्रमांचे संगीत मी निवडले, कापले आणि जोडले. एकाच सादरीकरणात संगीत मध्येच बंद पडले. कारकिर्दीतले सर्वाधिक गुण तिला त्याच दिवशी मिळाले.

हे अकराव्या वर्षीच्या अजिंक्यपद स्पर्धेत घडले. लांब कार्यक्रम चार मिनिटांचा असतो, आणि एक मिनिट बारा सेकंदांनी ध्वनिक्षेपक गप्प झाले. कार्यक्रम थांबवण्यासाठी प्रमुख पंच शिट्टी शोधू लागले. ती त्यांच्या गळ्यातच आहे हे त्यांना कुणी सांगेपर्यंत भिंगरी (घरी तिला सगळे याच नावाने हाक मारतात) तिसरी उडी मारून चौथीकडे निघाली होती. मग त्यांनी शिट्टी वाजवायचा विचार सोडून दिला. ती सातही उड्या न पडता मारून मोकळी झाली आणि तिसऱ्यांदा अजिंक्य ठरली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आले की संगीत तिच्या आत वाजत होते. आई म्हणाली, "बरं झालं बाई. पहिल्यांदाच काही तरी निवांतपणे बघता आलं."

आईच्या या उद्गाराकडे मी तेव्हा दुर्लक्ष केले. तिचा अनुभव वेशभूषेवरच्या टिकल्या शिवण्यापुरता मर्यादित आहे, असे माझे मत होते.

मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काळमापन विभागात काम करतो. लोकांची घड्याळे किती चुकतात हे प्रमाणपत्रावर लिहून देणे हा माझा व्यवसाय आहे. त्यामुळे चूक समोरच्याची असते, या गृहीतकाची मला पगारी सवय जडली आहे. बहिणीच्या संगीताचे काम मी याच वृत्तीने अंगावर घेतले. पहिल्या वर्षी, हृदयाच्या ठोक्यांचा आणि तालाचा काही संबंध असावा या समजुतीने मी एक लगबगीचा पियानो निवडला. ती पाचव्यांदा पडली तेव्हा पियानो अजून लगबगीतच होता. दुसऱ्या वर्षी व्हायोलिन आले, कारण परीक्षक बहुतेक साठीच्या पुढचे होते आणि त्या वयात माणसे व्हायोलिनला भुलतात असे मला वाटले. पाचव्या वर्षी मी ध्वनिलहरींचे पृथक्करण करून एक तुकडा शोधला. तो ऐकून प्रेक्षकांतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारले की फ्रिज कुठे लावलाय. सातव्या आणि आठव्या वर्षी नुसते ढोल होते. त्या दोन्ही वर्षी ती अजिंक्य ठरली. मी त्याचे श्रेय ढोलांना दिले आणि दहा पानांचे एक टिपण लिहिले, जे आमच्या विभागप्रमुखांनी वाचले असल्याचा कोणताही पुरावा नाही.

निवड दरवर्षी बदलली, पण पद्धत बदलली नाही. सरावाच्या रिंकवर मी प्रत्येक उडीची वेळ वीस वेळा मोजत असे आणि सरासरी काढून संगीत असे कापत असे की तिचा पाय बर्फ सोडतो त्याच क्षणी एक ठोका पडावा. अचूकता सेकंदाचा विसावा भाग. या पद्धतीचा मला अभिमान होता, आणि तो मी फारसा लपवत नव्हतो.

बाराव्या वर्षी प्रश्न गंभीर झाला. भिंगरी सत्तावीस वर्षांची होती, गुडघा कुरकुरत होता आणि हा शेवटचा हंगाम असल्याचे तिने जाहीर केले होते. त्याच वर्षी एक सोळा वर्षांची मुलगी वर आली. तिचे गुण भिंगरीच्या आजवरच्या सगळ्या गुणांपेक्षा अधिक होते. अपवाद एकच, मुक्या कार्यक्रमाचा. म्हणजे शेवटचे अजिंक्यपद हवे असेल तर तो दिवस पुन्हा घडवायला हवा होता, आणि संगीताविना उतरायला नियमांची परवानगी नव्हती. स्पर्धेला सात आठवडे उरले होते.

तिच्या प्रशिक्षक बाई मला 'शास्त्रज्ञ' म्हणतात. त्यात आदर किती आणि टोमणा किती, याचे मापन अजून झालेले नाही. त्यांनी मला रिंकच्या कठड्याशी गाठले.

"शास्त्रज्ञ, एवढं एक शोधून द्या. त्या दिवशी काय वेगळं होतं?"

"संगीत नव्हतं."

"ते आंधळ्यालाही ऐकू आलं. पुढे?"

पुढचे मला माहीत नव्हते. मी शक्यता तपासू लागलो. परीक्षकांना दया आली, ही पहिली. पण दयेने सादरीकरणाचे गुण वाढतात, आणि वाढले होते ते उड्यांचे. प्रेक्षकांच्या टाळ्यांनी जोर आला, ही दुसरी. पण टाळ्या तिला त्याआधीही मिळाल्या होत्या, पडल्यावर तर हमखास. तिसरी शक्यता मला आवडत नव्हती, म्हणून ती मी शेवटी ठेवली. माझे संगीतच तिला नडत असावे.

ही शक्यता पडताळणे सोपे होते. सरावाच्या रिंकवर मी तिला आठवडाभर संगीताशिवाय स्केट करायला लावले आणि उड्यांची उंची मोजली. फरक शून्य. संगीत असो वा नसो, उड्या तशाच. मला अतोनात आनंद झाला.

"म्हणजे तुमचं संगीत निर्दोष," बाई म्हणाल्या.

"तसं दिसतंय."

"आणि आपण होतो तिथेच. आता काय, दिवे घालवून बघता?"

आता ते चित्रीकरण पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. इथे एक कबुली द्यायला हवी. पहिल्या वर्षानंतर मी माझ्या बहिणीची एकही स्पर्धा पाहिलेली नव्हती. हजर मी प्रत्येक वेळी असे, पहिल्या रांगेत, हातात स्टॉपवॉच घेऊन. पण पहिल्या वर्षीच्या त्या पाचव्या पडण्यानंतर मी डोळे मिटून बसू लागलो. संगीत ऐकायचे, टाळ्या आल्या की ठीक, 'अरेरे' आले की ठीक नाही. अकरा वर्षांची माझी सगळी मोजमापे सरावाच्या रिंकवरची होती. स्पर्धेतले एकही नव्हते. एखाद्या दुकानदाराने आपला काटा घरी तपासून दुकानात वापरला असता, तर मी त्याला दंडाची नोटीस पाठवली असती.

संघटनेच्या कार्यालयातून सगळी चित्रीकरणे आणली आणि जेवणाच्या टेबलावर बसून चौकट चौकट पुढे सरकवत पाहिली. सेकंदाला पंचवीस चौकटी. पडायला माणसाला सुमारे चाळीस लागतात. ज्याला बहिणीचे पडणे पाहवत नाही त्याने ते या वेगाने पाहू नये.

मुक्या कार्यक्रमापासून सुरुवात केली. वर्तमानपत्राचा सिद्धांत लगेच निकालात निघाला. माझे संगीत चालू राहिले असते तर ज्या क्षणी संपले असते, त्याच्या अडीच सेकंद आधीच भिंगरी थांबली होती. आतले संगीत असलेच, तर ते घाईत होते.

मग उड्या. संगीत चालू असतानाच्या पहिल्या दोन उड्यांत ती पंधरा चौकटी हवेत होती. बंद पडल्यानंतरच्या पाचही उड्यांत सतरा. दोन चौकटी म्हणजे जमिनीवरच्या माणसासाठी काहीच नाही. हवेत तीन वेळा फिरायचे असेल, तर पायावर उतरणे आणि पाठीवर उतरणे यांतला तो फरक आहे.

आणि त्या पहिल्या दोन उड्यांच्या आधी आणखी एक गोष्ट होती. उडीच्या जागी पोहोचल्यावर ती उडत नव्हती. एक लहानसे, निरर्थक वळण घेत होती. दहा चौकटी. मग उडी. मागच्या वर्षांची चित्रीकरणे काढली. तेच वळण फ्रिजवर, तेच ढोलांवर. बंद पडल्यानंतरच्या पाच उड्यांआधी मात्र ते नव्हते, आणि सरावातही ते मी कधी पाहिले नव्हते.

मी तिला बोलावून ते दाखवले. ती सफरचंद खात उभी राहिली.

"दादा, तू माझी स्पर्धा बघतोयस? उघड्या डोळ्यांनी?"

"विषयावर ये. हे वळण काय आहे?"

"ते होय? ते तुझी वाट बघणं."

"माझी?"

"ठोक्याची. ठोका पडेपर्यंत उडायचं नाही ना. मग इथे जरा घुटमळायचं."

"सरावात घुटमळत नाहीस तू."

"सरावात वेळेवर पोहोचते. स्पर्धेत आधीच पोहोचते."

"का?"

"ते तू सांगायचं. शास्त्रज्ञ तू आहेस."

मी गृहीत धरले की स्पर्धेच्या धास्तीने तिचा वेग वाढत असणार, आणि त्यावर एक समीकरणही मांडले. ते समीकरण सुबक होते. ते खोटे आहे हे मला रिंकवरच्या इस्त्रीवाल्या काकांनी समजावले. काका बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र चालवतात. खरवडलेल्या बर्फावरून ते गेले की मागे आरशासारखा पट्टा उरतो, म्हणून हे नाव.

"तुमची वेळ कुठली?" काकांनी विचारले.

"दुपारी एक. शाळांची मुलं गेल्यावर."

"आणि मी इस्त्री कधी करतो?"

"अडीचला. आमचं झाल्यावर."

"म्हणजे दीडशे पोरांनी चुरगळलेल्या बर्फावर तुमची ताई बारा वर्षं सराव करते. मोठ्या स्पर्धेत तिच्या गटाआधी मशिन फिरतं. तिथे पाय सुटणारच की हो. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

घर्षण हा विषय मी दोन वर्षे विद्यापीठात शिकवलेला आहे, हे मी काकांना सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या वेळेआधी यंत्र फिरवले. संगीतासह भिंगरी प्रत्येक उडीच्या जागी आधीच पोहोचली, आणि प्रत्येक ठिकाणी दहा चौकटी घुटमळली. घुटमळण्यात वेग गेला, वेगाबरोबर उंची गेली, आणि एकदा ती पडलीही. संगीत बंद केल्यावर पाचपैकी पाच उड्या सतरा चौकटींच्या. बाई कठड्यावर कोपर टेकून पाहत होत्या.

"मग? उपाय?"

"सोपा आहे. प्रत्येक ठोका चार दशांश सेकंदांनी अलीकडे सरकवतो."

"पुन्हा ठोकाच?"

"मग काय करू?"

"काही करू नका," बाई म्हणाल्या. "तेच तुम्हाला जमत नाही."

शेवटच्या कार्यक्रमाचे संगीत भिंगरीने स्वतः निवडले. चार मिनिटे नुसते गजाने वाजवलेल्या तारांचे लांब सूर, एकात एक मिसळणारे. ठोका नाही, कळस नाही, मोजण्याजोगे काही नाही. माझ्या आलेखावर ते संथ तळ्यासारखे दिसत होते. यावर केव्हा उडायचे हे तुला कळणार कसे, असे मी विचारले. ती म्हणाली, "पोहोचले की."

स्पर्धेच्या दिवशी मी डोळे उघडे ठेवले. पहिल्या उडीपर्यंत दोन्ही, नंतर एक. ती कुठेही घुटमळली नाही. सोळा वर्षांच्या मुलीपेक्षा तिला दोन गुण अधिक मिळाले. मुक्या कार्यक्रमापेक्षा मात्र एक कमी. ती तूट मी अजून कुणाच्याही नावावर टाकलेली नाही.

नंतर कपडे बदलण्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती बुटांच्या नाड्या सोडत बसली होती. आई टिकल्यांचा झगा पिशवीत कोंबत होती. मनात राहून गेलेले मी विचारले.

"वाट बघावी लागते, हे अकरा वर्षांत मला एकदाही का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की. तिसऱ्या वर्षी. म्हटलं, दादा, मोठ्या रिंकवर तुझा ठोका उशिरा येतो."

"मी काय म्हणालो?"

"तू मला एक आलेख दाखवलास."

"आणि?"

"आणि काय? मला तो कळला नाही. मला वाटलं, माझंच चुकत असेल. तुझी घड्याळं बरोबर असतात ना." तिने दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. "मग घुटमळायला शिकले. त्यातही वर्ष गेलं हं, सोपं नसतं ते."

आई पिशवीची चेन ओढत म्हणाली, "मी होते तिथे. चांगला रंगीत आलेख होता."

घरी येऊन मी तिसऱ्या वर्षीचे कागद काढले. आलेख रंगीतच होता. त्याच्या समासात माझ्या अक्षरात एक ओळ होती: 'खेळाडूची तक्रार, ठोका उशिरा येतो. मोजमापाशी जुळत नाही, म्हणून विचारात घेतली नाही.'

तेव्हा कारण असे. सरावाचा बर्फ खरवडलेला आणि संथ होता, स्पर्धेचा गुळगुळीत आणि वेगवान. मी ठोके संथ बर्फावर मोजून बसवले. वेगवान बर्फावर माझी बहीण प्रत्येक उडीच्या जागी सेकंदाचे चार दशांश आधी पोहोचत असे आणि माझ्या ठोक्यासाठी थांबून आपला वेग घालवत असे. अकराव्या वर्षी एक मिनिट बारा सेकंदांनी ठोके बंद पडले, तेव्हा तिला थांबवणारे कुणी उरले नाही. हे तिने मला नऊ वर्षांपूर्वी सांगितले होते, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.