एक नाकपुडी

ओळीने मांडलेल्या पांढऱ्या कपांपुढे उभे राहण्याआधी ती रोज नाकात थेंब सोडत असे. गोदामात येणाऱ्या चहाची पारख करणे हे तिचे काम होते आणि नाक मोकळे असल्याशिवाय ते होत नसे. सर्दी केव्हाच ओसरली होती. नाक मात्र चोंदतच राहिले, म्हणून थेंबही सुरूच राहिले. नणंदेने सुचवलेले, दुकानात सहज मिळणारे औषध. त्यासाठी डॉक्टर कशाला, असे तिला वाटे.

त्या सकाळी बुरशी धरलेला चहा तिने चांगल्यांत काढला. शेजारच्या सहकाऱ्याने तो कप हुंगून मागे सरकवला, तेव्हा तिने तो पुन्हा नाकाशी धरला. कसलाच वास येत नव्हता. वास कायमचा गेला असेल, तर या टेबलाशी तिचे काही काम नव्हते.

संध्याकाळी नवरा तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"थेंब कधीपासून घालताय?"

"हिवाळ्यापासून."

"आता उन्हाळा संपत आला," नवरा म्हणाला. "उशीखाली बाटली, पर्समध्ये बाटली. माझ्यापेक्षा तिच्याशीच सख्य जास्त."

"तुम्ही जरा गप्प बसा हो."

डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या उजेडात बराच वेळ पाहिले. "वास गेलेला नाही. सुजेमुळे तो वरपर्यंत पोचत नाही, एवढंच. आणि ही सूज थेंबांचीच आहे. मोजके दिवस घ्यायचं औषध हे. पुढे तेच नाक बंद करतं. आधी उजवीकडचे थेंब थांबवा. ती बाजू मोकळी झाली की डावीकडचे. सूज उतरायला दुसरा फवारा देते, पण तो मी सांगेन तसाच."

घरी परतल्यावर नणंदेचा फोन आला. "वहिनी, मी सर्दीपुरतं सांगितलं होतं गं. जन्माचं नव्हे."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच साहेबांना सारे सांगितले आणि काही काळ खोकी मोजण्याचे काम मागून घेतले. रात्री उजवी नाकपुडी गच्च बंद होई आणि ती कूस बदलत राही. हात बाटलीकडे जाई आणि मागे येई.

एका दुपारी ती मोडक्या खोक्यांच्या कोपऱ्यातून चालली होती. सुतार फळी कापत होता. ती थबकली. डावी नाकपुडी बोटाने दाबून तिने उजवीने सावकाश श्वास आत घेतला. ताजे लाकूड, आणि त्यामागे फळ्या चिकटवायच्या गरम सरसाचा उग्र दर्प.

"काय हवंय, बाई?" सुताराने करवत थांबवली.

"काही नाही. तुमचं चालू द्या," ती म्हणाली आणि तिथेच एका खोक्यावर बसली.