पिवळी होती तोवर

सकाळचे दहा वाजत आले की निर्मलाबाईंचा जीव थाऱ्यावर राहत नसे. हातातलं काम तसंच टाकून त्या पदर सारखा करायच्या, चपला शोधायच्या आणि फाटकाची कडी काढू लागायच्या.

"पोरं येऊन बसले असतीन. खिचडी कोण लावन?"

आसगावच्या अंगणवाडीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, आणि निवृत्तीच्या पुढच्याच उन्हाळ्यापासून त्या विसरू लागल्या होत्या. आधी गॅसवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं, मग आपण निवृत्त झालो हेच. नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि वासुदेवरावांना बाजूला घेऊन सांगितलं, की हे आता वाढतच जाणार. त्यांना सांभाळा, एवढंच आपल्या हातात आहे.

वासुदेवराव पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, कालव्याचं पाणी शेतांना पाळीनं सोडणारे. उभा जन्म कालव्यावर सायकल दामटण्यात गेला, घर निर्मलाबाईंनीच सांभाळलं. आता बहात्तराव्या वर्षी ते भात लावायला शिकले, बायकोची वेणी घालायला शिकले. पण दहाच्या ठोक्याला त्यांच्याकडे उपाय नव्हता. समजावून झालं, रागावून झालं. फाटकाला कुलूप घालून पाहिलं, तर त्या आतून फाटक बडवत राहिल्या, "पोरं उपाशी आहेत जी, सोडा मले," म्हणत.

बदकं घरात आली ती अशीच, ठरवून नाही. पवनीच्या आठवडी बाजारात एक माणूस खोक्यात पिल्लं घेऊन बसला होता. निर्मलाबाईंना घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून त्या बरोबरच होत्या. त्या चालता चालता थांबल्या, खाली बसल्या आणि त्यांनी खोक्यात हात घातला. एका पिवळ्या पिल्लानं त्यांचं बोट चपट्या चोचीत धरलं. निर्मलाबाई हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत, पूर्वी हसायच्या तशा.

"कोंबडीचे आहेत का?" वासुदेवरावांनी विचारलं.

"नाही काका, बदकाचे. पांढऱ्या बदकाचे. दोन महिन्यांत तीन किलोचं एक होते. पाहता पाहता मोठे होतात, पाहा तुम्ही!"

वासुदेवरावांनी बारा घेतली.

घरी आल्यावर कळलं की आपल्याला यातलं काहीच येत नाही. घरापुढच्या सपरीत जुन्या लाकडी खोक्यात त्यांनी पेपर अंथरला, वर बल्ब टांगला आणि परातभर पाणी ठेवलं. घटकाभरात परात उलटी, पेपराचा लगदा, आणि पिल्लांचे पाय दोन बाजूंना घसरत होते. शेजारच्या तुळसाबाई भिंतीवरून पाहत होत्या. त्या धानाच्या तणसाचा भारा घेऊनच आल्या. "अवो भाऊजी, कागदावर पाय कसा ठरन त्यायचा? तणीस टाका." पाणी तोंड बुडेल एवढंच, पण खोल भांड्यात ठेवायचं, हे वासुदेवरावांना दुसऱ्या दिवशी उमगलं.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी चूक केली. बदकाला पाणी आवडतं एवढं तर साऱ्यांनाच ठाऊक असतं, म्हणून त्यांनी पिल्लं उचलून अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात सोडली. पिल्लं फिरकीसारखी फिरली. निर्मलाबाईंनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटांत ती भिजलेल्या कापसासारखी झाली, थरथरू लागली, आणि एकाची मान पाण्यावर पडली ती उचललीच नाही.

जनावरांच्या दवाखान्यातला डोमा ओळखीचा होता. त्याला फोन केला. "वासुदेवराव, पिल्लाच्या अंगाले तेल त्याची माय लावते," तो म्हणाला. "माय नसली त पिल्लू भिजते ना जी. पिसं येऊ द्या, मग सोडा पाण्यात."

वासुदेवरावांनी ते पिल्लू घरामागच्या सांदवाडीत लिंबाखाली पुरलं. पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता निर्मलाबाईंनी हजेरी घेतली. हो, हजेरी! आल्या दिवसापासून त्या खोक्यासमोर पाट टाकून बसत आणि एकेकावर बोट ठेवून नाव घेत. बंटी, डिंपल, रिता, अनुप. त्यांच्या अंगणवाडीतली कधीची पोरं ती, आता कोणी ट्रक चालवतं, कोणाची लग्नं होऊन गेली.

"ईश्वर कुठी आहे?"

"मामाच्या गावाले गेला," वासुदेवराव म्हणाले.

"सांगून गेला का?"

"मले सांगून गेला."

"मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचं नाव घेतलं.

पिल्लं आली तेव्हापासून फाटकाची कडी कोणी हलवली नाही. निर्मलाबाई तांदळाची कनकी शिजवायच्या, निवायला ठेवायच्या, बोटानं चाचपून मगच पिल्लांपुढे ठेवायच्या. पिशवीत एकेक पिल्लू घालून काट्याला टांगायच्या आणि वहीत वाकड्या अक्षरात वजन लिहायच्या. आठवड्यात वजन दुपटीच्या वर गेलं. "एक बी कुपोषित नाही," त्या अभिमानानं सांगायच्या. त्या अंगणात चालल्या की मागून अकरा पिल्लांची रांग चाले. त्या थांबल्या की रांग थांबे. नागपूरहून लेकीचा, भावनाचा, फोन आला तर आई तिच्याशी दहा मिनिटं बोलली. "बाबा, आईनं मला माझ्या नावानं हाक मारली," भावना म्हणाली.

तीन आठवडे असे गेले. वासुदेवराव सकाळी उठून चहा करायचे आणि सपरीतून येणारी तिची हजेरी ऐकत बसायचे. संसारात इतकं निवांत ते कधी बसले नव्हते.

चौथ्या आठवड्यात पिल्लांच्या माना लांबल्या. पिवळा रंग मळकट झाला. खांद्यांवर, शेपटाशी पांढऱ्या पिसांच्या काड्या फुटल्या आणि लव झुपक्या झुपक्यानं गळू लागली. आवाज फाटला. चिवचिवीच्या जागी घोगरं ओरडणं आलं. रात्री झोपताना पिल्लू केवढं होतं ते सकाळी केवढं दिसे. निर्मलाबाई वजन घेताना कपाळाला आठी घालू लागल्या. पिशवीत आता एकही मावत नव्हतं.

एके दिवशी हजेरी मध्येच थांबली.

"हे कोणाचे आणून ठेवले?"

"आपलेच आहेत, निर्मला."

"माह्ये पोरं पिवळे होते."

"मोठे झाले ते. पिसं आले त्यायले."

निर्मलाबाईंनी नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांना आपणच खोटं बोलतोय असं वाटलं. "महिन्याभरात? लेकरू महिन्याभरात मोठं होते का कधी? मले शिकवून राहिले तुमी?" मग त्या वाकल्या. तणसात पडलेली पिवळी लव त्यांनी चिमटीनं वेचली, तळहातावर गोळा केली आणि पुढे धरली. "हे पाहा. कोणंतरी मारले त्यायले. आणि तुमी दुसरेच आणून ठेवले, मले समजणार नाही म्हणून."

एकतीस वर्षं लेकरं कशी वाढतात ते तिनं पाहिलं होतं. हिशेब तिचाच बरोबर होता.

बदकांना यातलं काय कळणार? ती तिच्याच मागे धावायची. तिचा आवाज आला की माना उंच करून, पंख फडफडवत, अकराच्या अकरा तिला घेरायची. निर्मलाबाई घाबरून काठी उगारायच्या, मग रडायच्या. शेवटी वासुदेवरावांनी सांदवाडीत बांबूचा ताटवा बांधून बदकं तिकडे कोंडली. तरी सपरीत तिचा शब्द उमटला की पलीकडून ओरडा उठायचाच.

आणि दहा वाजता पुन्हा फाटक वाजू लागलं. आता खिचडीचं नाव नव्हतं. "माह्ये पोरं कुठी नेले?" एवढंच.

वासुदेवरावांनी तिला तुळसाबाईंकडे बसवलं, एसटीनं लाखनी गाठली आणि हमरस्त्यावरच्या एका पिल्लं विकणाऱ्याकडून दहा पिल्लं आणली. परतताना खोकं मांडीवर होतं. बाजूच्या माणसानं विचारलं, "धंदा करता का बदकाचा?" ते "हो" म्हणाले. दुसरं काय सांगणार?

निर्मलाबाईंनी खोक्यात पाहिलं आणि त्यांचा सारा चेहरा सैल झाला. "आले माह्ये. कुठी गेले होते रे?" बंटी, डिंपल, रिता. हजेरी सुरू झाली.

या खेपेला वासुदेवरावांना दिवस मोजता येत होते. तीन आठवडे. फार तर साडेतीन. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. खाद्य कमी केलं तर वाढ थांबेल. त्यांनी खाद्य निम्मं केलं, धानाचा कोंडा मिसळून टोपलं भरलेलं दिसेल असं केलं. पिल्लं टोपलं उकरायची आणि मान वर करून ओरडत राहायची. रंग मात्र पिवळाच होता.

त्यानंतर चौथ्या दिवशी निर्मलाबाईंनी काटा लावला. वहीत पाहिलं. पुन्हा काटा लावला. दुसरं सगळं विसरलेली ती बाई वजनाचा आकडा विसरली नव्हती.

"वजन वाढून नाही राहिलं," त्या म्हणाल्या. मग वर पाहून, अगदी हळू आवाजात, "यायचा आहार कोण खाऊन राहिलं?"

आयुष्यात कोणाच्या धानाच्या बांधीचं पाणी चोरून दुसऱ्याला दिलं नाही, असा वासुदेवरावांचा लौकिक होता. त्यांनी उठून खाद्याची पिशवी आणली आणि टोपलं काठोकाठ भरलं. पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढून खाऊ लागली. निर्मलाबाई बघत बसल्या. "खा रे, खा," म्हणाल्या. पिल्लांनी खाल्लं, ती वाढली, आणि तीही सांदवाडीत ताटव्याआड गेली.

पावसाळा लागून धान रोवून झालं होतं तेव्हाची गोष्ट. वासुदेवराव ताटव्याची दोरी आवळत होते आणि फाटकाला कुलूप घालायचं राहिलं. अर्ध्या तासानं मंगरू तिला हाताला धरून घेऊन आला. गावाबाहेरच्या बोडीत, लहानशा तळ्यात, तो मासे पाळायचा. निर्मलाबाईंची साडी गुडघ्यांपर्यंत चिखलानं भरली होती.

"काकू पाण्यात उतरल्या होत्या," मंगरू म्हणाला. "पोरायच्या नावानं हाका मारत होत्या. मी होतो म्हणून..."

वासुदेवरावांनी त्याला सांदवाडी दाखवली. "हे सगळे घेऊन जा, बाबू. तुह्या बोडीत सोड."

"सगळे? काही तरी घ्या ना काका."

"नेऊन टाक. पाण्यावर राहतीन, तेवढंच पाहिजे."

मंगरू टोपल्यांतून बदकं नेत होता तोवर वासुदेवरावांनी बायकोला सपरीच्या पायरीवर बसवलं आणि बादली आणून तिचे पाय धुवायला घेतले. चिखल नखांत गेला होता. ती त्यांच्या डोक्याकडे बघत होती.

"तुमी चांगले माणूस आहा," ती म्हणाली. "उगीच तरास झाला तुमाले. आमचे मालक आले का सांगतो मी त्यायले."

वासुदेवरावांनी तिच्या नखातला चिखल काढला. "कुठी गेले तुमचे मालक?"

"कालव्यावर. येतीन आता. उंच आहेत, काळ्या मिशा आहेत. सायकल आहे त्यायची."

"येतीन," वासुदेवराव म्हणाले आणि त्यांनी दुसरा पाय बादलीत घेतला.

त्यानंतरही ती रोज दहा वाजता पोरं कुठं आहेत ते विचारायची. लाखनीच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, पावसात अंडी उबवणं बंद आहे, दिवाळीनंतर या. वासुदेवराव रोज काहीबाही सांगत. मामाच्या गावाला गेले, सुट्टी आहे, उद्या येतील. काही दिवस असे यायचे की त्यांना वाटे, आता हिनं विचारणं थांबवावं. एकदा तर ते बुद्धमूर्तीसमोर हात जोडून उभे राहिले, आणि मनात हेच आलं.

भादव्यात तिनं विचारणं थांबवलं.

दहा वाजले. ती सपरीत बसून होती. साडेदहा, अकरा. फाटक वाजलं नाही. वासुदेवरावांनी मुद्दाम चपला तिच्या पुढ्यात ठेवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. घरात कितीक दिवसांनी शांतता झाली.

दिवाळी होताच ते लाखनीला गेले. खोकं आणून तिच्या समोर उघडलं. दहा पिल्लं, हळदीच्या रंगाची.

"निर्मला, पोरं आले पाहा."

तिनं पाहिलं नाही. त्यांनी एक पिल्लू उचलून तिच्या तळहातावर ठेवलं. पिल्लानं तिचं बोट चोचीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. हात मिटला नाही. पिल्लू कडेला आलं, घसरलं, आणि वासुदेवरावांनी ते खाली पडता पडता झेललं. त्यांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा झेललं. तिसऱ्यांदा त्यांनी ते आपल्याच हातात धरून ठेवलं. त्याचं काळीज केवढं भरभर धडधडत होतं.

तुळसाबाई म्हणाल्या, "भाऊजी, देऊन टाका कोणाले. कायले जिवाले घोर?"

ते देऊ शकले नाहीत. तणीस टाकली, बल्ब किती उंचीवर टांगायचा ते आता ठाऊक होतं, पाण्याचं भांडं ठाऊक होतं. टाक्यात कोणाला उतरू दिलं नाही. दहातलं एकही गेलं नाही. खाद्य दोन्ही वेळा भरून घातलं. चौथ्या आठवड्यात पांढऱ्या काड्या फुटल्या, लव तणसात सांडली, आणि सहाव्यात तर नुसता गलका.

आता सकाळी ते आधी निर्मलाबाईंना सपरीत उन्हात बसवतात, मग ताटव्याचं दार उघडतात. बदकं त्यांच्या मागे मागे येतात, पायांत घोटाळतात. ते वाटीत मऊ भात कालवून तिच्यासमोर बसतात. चमचा ओठांना लागला की ती तोंड उघडते. बदकं वाटीकडे माना लांबवतात.

"थांबा रे," ते म्हणतात. "तिचं होऊ द्या आधी."