दोर सोडूचो नाय

आमचे हे, हरिश्चंद्र मास्तर, शाळेत सत्याग्रहाचा धडा शिकवायचे तेव्हा मुलं डुलक्या काढायची. रापणकर मच्छीमारांच्या बैठकीत तेच बोलले, तर कोणी खोकलंसुद्धा नाही. पोटाशी आलं की माणसं बरोबर ऐकतात.

बाहेरचे ट्रॉलर अगदी किनाऱ्यालगत येऊन समुद्राचा तळ खरवडून नेत होते. कायद्याने त्यांनी लांब राहायचं होतं, पण त्यांना सांगायला जातो कोण? आमच्या पोरांनी चिडून एकदा दगड मारले मात्र, सरकार खडबडून जागं झालं आणि किनाऱ्यावर जमावबंदी लागली. पाच माणसांनी एकत्र यायचं नाही. आता रापण काय चार माणसं ओढतात? होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर सगळ्या वाडीने वाळूत उभं राहून ओढायचे, ही आमची रीत. दोराला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा, मग तो वाटेने जाणारा का असेना. हुकूम पाळायचा म्हणजे चुली विझवायच्या.

"तर मग रापण ओढायची," हे म्हणाले. "उघड, दिवसाढवळ्या, फौजदारांना आधी कळवून. पकडतील तर जायचं. मारतील तर सोसायचं. उलट हात उगारायचा नाही. आपण हात उगारला की त्यांचं काम सोपं होतं."

सगळ्यांच्या नजरा बाबलीकडे गेल्या. पहिला दगड त्याचाच होता. मनाने निर्मळ, पण डोकं भडक. त्याची आई गोदूबाई दारोदार मासळी विकायची. नवरा समुद्राने नेला, मागे हा एकुलता झिल. हा पोलिसावर हात टाकणार आणि तुरुंगात सडणार, या धास्तीने तिचं अन्न तुटलं होतं.

रापण घालण्याआधी देवळात देवाला गाऱ्हाणं घालतात; त्यात दिलेला शब्द मोडायचा नसतो. म्होरक्या गुणाजी नारळ ठेवून बोलू लागला, तेव्हा तिने त्याला मध्येच थांबवलं.

"गुणाजी, आणखी एक घाल. दोर हातात घेतल्यार जाळां भायर येयसर कोणी दोर सोडूचो नाय."

जाळं बाहेर येईपर्यंत दोन्ही हात दोरावर असले तर मारायला तिसरा हात येणार कुठून, असा तिचा साधा विचार. ह्यांनी तर कौतुकाने मान डोलावली. गुणाजीने शब्द घातला आणि सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. बाबलीचा आवाज सर्वांत मोठा होता. देवळाबाहेर येऊन तो आईला म्हणाला, "आता तरी जेवतलंस मां?"

ती त्या दिवशी जेवली.

दुसऱ्या दिवशी जाळं पडलं, माणसं दोन रांगांत उभी राहिली. पोलिसांची गाडी आली. फौजदाराने हुकूम वाचला आणि पांगायला सांगितलं.

"सायबानू, जाळां भायर येवंदे," गुणाजी दोर ओढत म्हणाला. "मगे सगळे तुमच्या गाडयेत बसतंव."

फौजदाराला तेवढा धीर नव्हता.

पाठीवर काठ्या पडल्या तोवर रांग हलली नाही. डोक्यावर पडू लागल्या तेव्हा एकेकाचे हात वर गेले. जाणारच. डोकं वाचवायला हात जातो, तो काय देवाला विचारून जातो? दोर सुटत गेला आणि जाळ्याचं सगळं ओझं उरलेल्यांवर आलं. मी बायकांबरोबर वरच्या अंगाला उभी होते. शेवटी आमच्या बाजूला एकटा बाबली राहिला, वाळूत टाचा रोवून, दोन्ही मुठी दोरावर. गोदूबाई जिवाच्या आकांताने ओरडली, "बाबल्या, सोड रे! हात डोक्यार घे!"

त्याने आमच्याकडे पाहिलं. ऐकू गेलं होतं त्याला. त्याने मान हलवून नाही म्हटलं, आणि तेवढ्यात कानामागे काठी बसली.

मालवणच्या इस्पितळाच्या वाटेवर टेम्पोतच तो गेला.

शोकसभेला बाहेरून पुढारी आले. बाबलीने म्हणे अहिंसेचा अर्थ देशाला शिकवला. ह्यांना बोलायला सांगितलं, तर हे उठले, चष्मा काढला आणि परत खाली बसले. मग गोदूबाईला माइकपाशी नेलं.

"तेका अहिंसा काय म्हायत नाय होती," ती म्हणाली. "मी देवाक सांगलंय म्हणान तेना दोर सोडूक नाय. डोकां वाचवूक हात काढलंस तरी चलात, ह्यां माका तेव्हा सांगूक होया होतां. तां माका सुचाक नाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका संताप आला की त्या प्रत्येकाचे हात धरून खाली ओढावेत असं वाटलं. पोर गेलेली बाई काय सांगते आहे, ते एकालाही कळत नव्हतं.

जमावबंदी उठली नव्हती. मंडपाबाहेर तिने गुणाजीला गाठलं.

"उद्या रापण आसा मां?"

"आसा."

"बाबलीच्या जाग्यार मी उभी रवतंय. पण गाऱ्हाणां घालू नको."

गुणाजी चपापला. "गाऱ्हाण्याबिगर जाळां कसां टाकूचां गो? देव ऐकता आपलां."

"ऐकता," ती म्हणाली. "म्हणानच नको."