धर्माच्या दाढेवरचं टोपण

मंगळवारी दुपारी धर्माच्या तोंडातलं टोपण पेजेत पडलं. सुक्या बोंबलाने पाडलं असतं तर चारचौघांत सांगायला तरी बरं. पेजेने पाडलं. पस्तीस वर्षं हा माणूस कोळीवाड्यातल्या होड्यांची इंजिनं बांधतो. त्याने आवळलेला नट भर समुद्रात कधी सुटला नाही, आणि त्याच्या स्वतःच्या जबड्यातला नट मऊ भाताने सोडवला. ही बातमी धक्क्यावर पोचली असती तर त्या दिवशी मासळीचे भाव कोणी विचारले नसते.

टोपण म्हणजे तुरीच्या दाण्याएवढं, धातूचं. पौषात म्हसळ्याच्या डॉक्टर रचनाबाईंनी धर्माच्या पडलेल्या दाढेच्या जागी हाडात एक स्क्रू बसवला होता. हाडाने तो धरायला चार महिने लागतात, म्हणाल्या. हिरडीने भोक बुजवू नये म्हणून तोवर वर हे टोपण. मग टोपण काढायचं आणि दाढ बसवायची. मधल्या काळात कडक काही खायचं नाही. कोळीवाड्यात राहून सुकी मासळी खायची नाही, म्हणजे पाण्यात उतरून भिजायचं नाही.

ही हौस धर्माची नव्हे. हौस नीराबाईची, त्याच्या बायकोची. आठ वर्षं तो एकाच बाजूने चावत होता आणि ती समोर बसून ऐकत होती. "एका सिलिंडरवर चाललीय होडी," म्हणायची. शेवटी तीच त्याला म्हसळ्याला घेऊन गेली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "भूल जरा जास्तच द्या. चार तास गप बसले तर मलापण गुण येईल." स्क्रू बसेपर्यंत ती त्याची टोपी मांडीवर घेऊन बसली होती. माघात तिला ताप आला आणि पाचव्या दिवशी ती गेली. ज्याच्या तब्येतीची काळजी चालली होती तो मागे राहिला, स्क्रूसकट.

मग लोक भेटायला आले. ज्यांनी बायकोशी जन्मात कधी सरळ शब्द बोलले नाहीत, ते संसार म्हणजे काय ते समजावून गेले. आत्मा अमर असतो म्हणाले आणि चहात साखर कमी पडली म्हणाले. धर्माने सगळ्यांना मान डोलावली. तोंडात स्क्रू असला की मान डोलावणं सोपं जातं.

तर टोपण पडलं. शहाणा माणूस त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला असता. धर्मा मेकॅनिक होता. त्याने टोपण डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासलं, कारण सुटलेला भाग आधी डिझेलने धुवायचा असतो. मग पेटीतली सगळ्यात लहान, खाचेत घालून फिरवायची एलन चावी काढली. टोपणाच्या खाचेपुढे ती पहारीसारखी दिसत होती. मग आरशासमोर जबडा वासून बोटानेच फिरवायचा खटाटोप केला. आटे काही धरेनात. संध्याकाळपर्यंत तोंडाला डिझेलची चव तेवढी राहिली. शेवटी त्याने टोपण बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकलं.

त्या डब्यात त्याच्या आयुष्यभराचे उरलेले नट होते. प्रत्येक इंजिन जोडून झालं की एखादा नट उरतोच. नीराबाई विचारायची, "सुरू झालं ना? मग हा देवाने जास्तीचा दिला असेल," आणि डबा पुढे करायची.

बुधवारी तो गेला नाही. गुरुवारीही नाही. डॉक्टरीणबाईंकडे गर्दी असेल, एसटी चुकेल, एका होडीचा पंप बघायचाय, अशी कारणं त्याने स्वतःलाच सांगितली आणि स्वतःच मान डोलावली. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं. नट आपोआप सुटला की नटाला दोष द्यायचा नसतो, आधी खालचा बोल्ट बघायचा. इंजिनाखालचं लाकूड कुजलेलं असेल तर बोल्ट जागेवरच फिरतो, आणि फिरणारा बोल्ट काढून टाकावा लागतो. नीराबाईने त्याच्यासाठी शेवटचं जे करून घेतलं ते हे. ते हाडाने धरलंच नसेल तर? म्हसळ्याला जाऊन ते ऐकण्यापेक्षा पेज बरी.

शुक्रवारी केसर आली. केसर नीराबाईची धाकटी बहीण, वाड्यावर मासळी सुकवायची आणि दर दोन दिवसांनी भावोजींना काटे काढलेलं कालवण आणून द्यायची.

"काय वो भावोजी, तोंड असं एका बाजूला का?"

"काय न्हाय."

"उघडा बघू. टोपण कुठं हाय?"

"डब्यात."

"कुठल्या?"

धर्माने बोट दाखवलं. केसरने डबा बघितला, मग धर्माकडे बघितलं.

"किती दिवस?"

"मंगळवारपासून."

"शाबास. दुसऱ्याची होडी एक दिवस बंद राहिली तर जेवण जात न्हाय तुम्हाला."

"टोपणाचं काय एवढं?" धर्मा म्हणाला. मग डब्याकडे बघत म्हणाला, "खालचा बोल्ट फिरत असेल तर काढतील, केसर. तिने बसवून घेतलाय तो."

केसरने डबा खाली घेतला. मग तिने जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि डबा त्यावर उपडा केला.

"फिरतोय का न्हाय ते बघायला नको? इंजिन तपासता का नवस बोलता?"

शे-दीडशे नट, वॉशर, तुटके स्क्रू. धर्मा चष्मा शोधेपर्यंत केसरने टोपण उचललंसुद्धा. जन्मभर सुक्या जवळ्यातला कचरा निवडणाऱ्या बोटांना हे काय अवघड? तिने ते स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि रिक्षा बोलावली.

म्हसळ्यात डॉक्टरीणबाईंनी पिशवी उघडली आणि नाक मागे घेतलं.

"याला कसला वास येतोय?"

"डिझेलचा," धर्मा म्हणाला.

"का?"

"स्वच्छ केलं."

"ऑइल बदललं न्हाय एवढं नशीब समजा," केसर मागून म्हणाली.

टोपण असं सैल होतं कधी कधी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुटलं की स्वतः बसवायला जायचं नाही, स्वच्छ पिशवीत घालून त्याच दिवशी यायचं. तीन दिवसांत हिरडी भोकावर सरकली होती. धर्मा सगळं ऐकत होता, पण त्याचं लक्ष त्यांच्या हाताकडे होतं. त्यांनी भूल दिली, हिरडी बाजूला केली, आणि छोट्या आरशाची दांडी उलटी धरून खालच्या स्क्रूवर हलकेच ठोकलं.

टण.

आवाज जबड्याच्या हाडातून थेट कानात आला. पस्तीस वर्षं त्याने पान्याने बोल्ट ठोकून ऐकले होते. सैल बोल्ट बद्द बोलतो. हा बद्द बोलला नाही.

डॉक्टरीणबाई काहीतरी सांगायला लागल्या, हाड छान आहे वगैरे. धर्माने बोट वर केलं. भुलीने जीभ जड झाली होती.

"परत वाजवा."

"दुखतंय का?"

"न्हाय. परत."

त्यांनी परत वाजवलं. डोळ्यांतलं पाणी भुलीमुळे असेल असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी कापूस दिला.

जुनं टोपण आता बसवणार नाही, म्हणाल्या. नवीन काढलं, त्यांच्या काडीएवढ्या चावीने आवळलं आणि बजावलं, की जिभेने चाळा करायचा नाही. बजावेपर्यंत त्याने एकदा केला होता.

निघताना धर्माने ट्रेमधलं जुनं टोपण उचलून खिशात टाकलं.

"ते कशाला आता?" केसर म्हणाली.

"इंजिन बसलं ना?" धर्मा म्हणाला. "मग हे देवाने जास्तीचं दिलं असेल."

केसरने तोंडाला पदर लावला आणि रिक्षा बघायला पुढे गेली.