मुकी चढाई

शेवटची चढाई उरली होती आणि कुंभिवलीच्या बाजूला एकटी किमनेई. बाकीच्या सगळ्या बाद होऊन रेषेबाहेर बसलेल्या. कर्जतच्या मुली एका गुणाने पुढे. जिंकेल तो संघ जिल्ह्याला खेळायला जाणार होता.

रोहिदासने खेळ थांबवून घेतला. त्यानेच तिला कबड्डी शिकवली होती. पोरगी भलती चपळ. पण आज पंचांनी तिला दोनदा परत धाडलं होतं. चढाईत ‘कबड्डी, कबड्डी’ पंचांच्या कानी पडायला हवं; हिचे नुसते ओठ हलायचे. सरावात रोहिदास त्याचंच कौतुक करायचा, “मांजर हाय मांजर!” आणि आज सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसला होता, “तोंडात बोळा कोंबलाय का गं?”

तेव्हा तिची आई उठून आली होती. मणिपुरातलं त्यांचं गाव पेटलं, बंदुकीवाले घरोघर शिरले, तेव्हा या मायलेकी रानात पळाल्या. आता आई एका फार्महाऊसवर स्वयंपाक करते. मोडक्या हिंदीत तिने एवढंच सांगितलं, की झुडपात लपलो तेव्हा ती माणसं अगदी जवळून गेली. मी हिचं तोंड दाबून धरलं होतं. तेव्हापासून कुणी पाठी लागलं की हिचा आवाज बसतो.

रोहिदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“दादा, मला नाय जमणार,” किमनेई म्हणाली. “दुसरी कोणी पाठवा.”

“दुसरी कुठली? सगळ्या बसल्यात हितं शेंगा खात!” रेषेबाहेरून सोनाली ओरडली.

रोहिदास गुडघ्यावर बसला. “पोरी, त्या लोकांनी धरलं असतं तर सोडलं नसतं. हितं ज्या धरतात, त्याच हात देऊन उठवतात. दिवसभर बघतेस ना? मग लपतेस कुणापासून?”

किमनेई मध्यरेषेकडे वळली. शिट्टी झाली.

मध्यरेषा ओलांडताना तिचे ओठ हलले, आवाज नाही. पंचांनी शिट्टी तोंडाजवळ नेली. रोहिदासने डोळे मिटले.

“...बड्डी.”

घोगरा, फाटका आवाज. मग मोठा. मग असा, की कडेची माणसं बोलायची थांबली. तिने कोपऱ्यातल्या मुलीला पाय लावला, वळली, आणि आणखी तिघींनी तिला कमरेत धरून मातीत पाडलं. त्या ओझ्याखालूनही आवाज येतच होता. ती कोपरांवर सरकत राहिली. बोटं मध्यरेषेपलीकडे टेकली.

पंचांनी चार बोटं वर केली. कुंभिवलीच्या पोरी मैदानात धावल्या.

किमनेई अजून ओरडतच होती, “कबड्डी, कबड्डी...”

“आगं बस की आता!” सोनाली तिला हलवत म्हणाली. “जिंकलो आपून!”