शारदाच्या शेजारची खुर्ची

"मौसी, प्रेसनोट राहू द्या. आजकल वो कोई पढ़ता नहीं," लॅपटॉपवरून मान न उचलता रंजिता म्हणाली.

प्रतिभाच्या हातातला कागद हातातच राहिला. लोधीपुऱ्यातल्या या प्रचार कार्यालयात सगळे तिला ताई म्हणत. मौसी म्हणणारी ही पहिलीच. तिने शारदाकडे पाहिलं. महापौरपदाची उमेदवार शारदा टेबलापलीकडे रंजिताच्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

"ठेव ना प्रतिभे तिथं. बघू मग," ती म्हणाली. तिने वर पाहिलंच नाही.

शारदा दोनदा पार्षद, म्हणजे नगरसेविका, झाली, त्या दोन्ही निवडणुकांत वर्तमानपत्रांचं सगळं प्रतिभाने सांभाळलं होतं. तिचं टायपिंगचं दुकान होतं. दुपारी दुकान बंद करून ती बातम्या लिहायची आणि स्कूटीवर बसून स्वतः प्रत्येक कार्यालयात पोचवायची. कोणत्या पत्रकाराला आधी फोन करायचा, कुठल्या प्रश्नावर शारदाने नुसतं हसायचं, हे तीच ठरवायची. दोघी शाळेपासूनच्या. संध्याकाळी शारदा दुकानात यायची, स्टुलावर बसून चहा प्यायची आणि घरचं-दारचं सगळं ओतून मोकळी व्हायची.

या वेळी पक्षाने प्रचार सांभाळायला इंदूरहून रंजिताला पाठवलं. तिने आल्या आल्या शारदाच्या भडक साड्या बाजूला काढल्या, सुती नेसायला लावल्या. सभा झाली की दोघी एकाच डब्यातून जेवत, मोबाइलवर काहीतरी बघून खिदळत. प्रतिभा जवळ गेली की रंजिता समजावून सांगायची, "मौसी, ये रील है." शारदाचा पदर पिनेने नीट लावणारे तिचे ते हात बघितले, की प्रतिभा काहीतरी निमित्त काढून बाहेर जायची.

"दीदी, भैयाजी शूट के लिए कब आएँगे?" त्या दिवशी रंजिताने विचारलं. "फॅमिली फोटो पाहिजेच."

"केळीची कापणी चालू आहे खकनारले. बघते," शारदा म्हणाली.

प्रतिभाला एकदम बरं वाटलं. म्हणजे हिला नाही सांगितलं. शारदाचा नवरा जितेंद्र दिवाळीपासून खकनारच्या शेतावरच राहत होता. नवरा-बायको वेगळे झाले होते. शारदाने हे एका दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून रडत रडत सांगितलं होतं आणि फक्त प्रतिभालाच.

पण ते समाधान संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद होती. स्टेजवर शारदाच्या शेजारच्या खुर्चीत रंजिता बसणार होती.

"तू नाश्त्याचं बघ," शारदा लाडाने म्हणाली. "पत्रकार तुले ओळखतात. तू आग्रह करशील तर खातील."

मावा जलेबी सांगायला प्रतिभा मिठाईच्या दुकानात गेली, तर तिथे ललित उभा होता. तो मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवायचा. पूर्वी बातमीसाठी दिवसातून दोनदा तिला फोन करायचा.

"काय ताई, आता फक्त जलेबी डिपार्टमेंट?" तो हसला. "बाइट पाहिजे तर रंजिता मॅडमले विचारा म्हणतात. शारदाताईचं सगळं त्यांनाच माहीत."

"तिले काय माहीत?" प्रतिभाचा आवाज चढला. "तिले तर हे पण नाही माहीत की जितूभाऊ दिवाळीपासून खकनारले राहून राहिले."

ललितने हातातली जलेबी खाली ठेवली. "मतलब, अलग?"

"मी काही बोलले नाही," ती म्हणाली आणि निघाली. याची बातमी करू नको, एवढंच म्हणायचं होतं. दुकानाच्या पायरीवर ती क्षणभर थांबलीही. पण वळली नाही. तो विचारणार नाही, असं ती घरी जाईपर्यंत स्वतःला सांगत राहिली. सकाळी मात्र तिने ठेवणीतली साडी काढली.

परिषदेत आधी पाण्यावर, रस्त्यांवर प्रश्न झाले. मग ललित उठला. "मॅडम, आपके पति प्रचार में कहीं दिखे नहीं. सुना है, अलग रहते हैं?"

रंजिता ताडकन उभी राहिली. "पर्सनल सवाल नहीं. नेक्स्ट!"

शारदाने तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं. मग तिची नजर पत्रकारांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीपाशी, प्लेटा मांडणाऱ्या प्रतिभावर आली. तिथे ती थांबली. प्रतिभाने मान खाली घातली.

"सच है," शारदा माइकमध्ये म्हणाली. "दिवाली से वो खेत पर हैं, मैं यहाँ. वो मेरे घर की बात है. नल में पानी नहीं आता, वो आपके घर की बात है. उसका पूछो, जवाब देती हूँ."

बोलून संपेपर्यंत तिने रंजिताचं मनगट सोडलं नव्हतं.

तेवढाच तुकडा रंजिताने त्याच दुपारी मोबाइलवर टाकला. रात्रीपर्यंत तो शहरभर फिरला. गल्लीगल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, बाई खरं बोलते.

परिषद आटोपल्यावर शारदा पाणी प्यायला मागे आली होती. प्रतिभाने ग्लास पुढे केला. "शारदे, मी..."

"सगळ्यांनी खाल्लं ना?" शारदाने विचारलं. पाणी प्यायली, ग्लास ठेवला आणि गेली.

प्रतिभाला कोणी येऊ नको म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही, तर कोणाचा फोनही आला नाही.

शारदा निवडून आली. मिरवणूक लोधीपुऱ्यात शिरली, तेव्हा दारोदारी बायका ओवाळायला उभ्या होत्या. प्रतिभाही दुकानासमोर तबक घेऊन उभी राहिली. शारदा प्रत्येक दारासमोर जीपमधून उतरत होती. रंजिता तिच्यापुढे मोबाइल धरून उलट्या पावलांनी चालत होती.

शारदा समोर आली. प्रतिभाने कुंकू लावलं. कुंकू थोडं नाकावर सांडलं. शारदाने ते पुसलं नाही. तिने हात जोडले.

"तुमचे आशीर्वाद असू द्या, ताई," ती म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली.

ढोल लांब गेल्यावर शेजारच्या यमुनाबाईंनी कौतुकाने विचारलं, "तुझी तं मैत्रीण ना ती? काय म्हणाली?"

वारा सुटला होता. तबकातल्या निरांजनाला तळहाताचा आडोसा करत प्रतिभा म्हणाली, "आशीर्वाद मागितला."